पान्याने सुटेल तेवढं आपलं

नांदगावच्या तिठ्यावर ट्रक थांबला की आधी ड्रायव्हर उतरायचा, मग क्लीनर, आणि दोघं गाडीभोवती एक फेरी मारायचे. क्लीनरच्या हातात टॉमी. प्रत्येक टायरवर एक ठोका. आवाज टणक आला तर हवा ठीक, बद्द आला तर काम निघालं. मुंबईहून गोव्याकडे जाताना कणकवलीच्या थोडं अलीकडे हा तिठा लागतो. एकीकडे देवगड, दुसरीकडे फोंडाघाट चढून कोल्हापूर-निपाणी. देवगडचा हापूस उतरू लागला की इथे रात्रभर गाड्यांची रांग असते.

माझे मामा तीसेक वर्षं या रस्त्यावर ट्रक चालवत होते. मालक तेच, ड्रायव्हरही तेच. दुरुस्ती घरी करायची की गॅरेजात, याबद्दल त्यांचा एकच नियम होता: "पान्यान सुटता ता आपला. नाय सुटला तर कोल्हापुराक." लहानपणी मला हा कंजूषपणा वाटायचा. नंतर लक्षात आलं, की त्या एका वाक्यात या देशातल्या ट्रकचा पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे.

महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेले फोर्ड, शेवरले, डॉज हे ट्रक बाजारात आले. लोक त्यांना डिस्पोजलच्या गाड्या म्हणत. त्यांचे सुटे भाग मिळवणं म्हणजे भंगारात शोधाशोध. चित्र पालटलं ते १९५४ पासून. त्या वर्षी टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपुरात ट्रक बनू लागले. १९६९पर्यंत त्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तारा होता. करार संपला, तारा गेला, पण गाडीचा स्वभाव फारसा बदलला नाही. दुसरं मोठं नाव अशोक लेलँड. म्हणजे ट्रक घ्यायचा तर पर्याय मोजके, आणि तेच मॉडेल बारीकसारीक फरकाने वर्षानुवर्षं चालू.

परवाना-राजला शिव्या घालायची आपल्याकडे रीत आहे, आणि त्या बऱ्याचशा रास्तही आहेत. पण नांदगावातल्या एका गाडीच्या मालकाला त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. बापाने घेतलेला पाना मुलाच्या गाडीलाही बसत होता. कणकवलीत मिळणारा वॉशर हुबळीतही मिळत होता. घरच्या दुरुस्तीचं श्रेय आपण ‘जुगाड’ नावाच्या गुणाला देतो. मला वाटतं, निम्मं श्रेय न बदलणाऱ्या यंत्राला द्यायला हवं.

त्यामुळे बरंच काही ‘आपलं’ होतं. डिझेल संपून पाइपात हवा शिरली, की फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. फिलर गेज लावून टॅपेट धरायचे. मामा हे शिकले ते एसटीतून निवृत्त झालेल्या एका मेकॅनिककडून. १९४८मध्ये सुरू झालेल्या एसटीने दुरुस्ती पहिल्यापासून आपल्याच हातात ठेवली. आगारात मिस्त्री, कणकवलीला विभागाची कार्यशाळा, मोठं काम दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळेत. शेकडो गाड्या असतील तर तेही एक प्रकारे ‘घरीच’ करणं. एका गाडीच्या मालकाचं घर म्हणजे मात्र फणसाखालची जागा.

पण तेव्हाही सगळं पान्याने सुटत नव्हतं. डिझेल पंपाला सील असायचं. बहुतेक पंप मायकोचे; ही बॉशच्या सहभागातली कंपनी १९५१ साली बंगलोरात सुरू झाली. कोणत्या सिलिंडरला किती डिझेल जातं, हे टेस्ट बेंचवर लावल्याशिवाय कळत नाही. पंप उघडणारा शहाणा रस्त्यावर काळा धूर सोडत जायचा आणि महिन्याभरात पिस्टन घेऊन बसायचा. म्हणून पंप, नोझल, क्रँक, बोअर ही कामं शंभरेक किलोमीटरवर कोल्हापुरात. तिथे शिवाजी उद्यमनगरात लेथ, फाउंड्री, पंपवाले एकाच वस्तीत. मामांच्या ‘कोल्हापुराक’चा अर्थ हा होता. आपल्याला जे मोजता येत नाही, ते उघडायचं नाही.

ब्रेकच्या बाबतीत हा नियम ते स्वतःच मोडत, आणि ते मला आजही पटत नाही. ब्रेक रोज बघणं, सैल झाला तर धरणं, हे ड्रायव्हरचं काम खरंच. पण स्वस्तातले लायनर आणून घरी ठोकायचे आणि दहा टन माल घेऊन फोंडाघाट उतरायचा, यात वाचलेले पैसे कोणत्या हिशेबात धरायचे? आणखी एक गोष्ट या आठवणींच्या गोडव्यात विसरली जाते. गाडीखाली बहुतेक वेळा क्लीनर असायचा. चौदा-पंधरा वर्षांचा पोर, जॅकच्या भरवशावर, खाली ठोकळाही न लावता. हीच आमची तंत्रशाळा. त्यातून उत्तम मिस्त्री निघाले हे खरं, आणि काहींची बोटं गेली हेही खरं.

२६ जानेवारी १९९९ला कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा रो-रो सुरू केली. भरलेले ट्रकच वाघिणीवर चढवून न्यायचे. टायर, पाटे, क्लच, सगळ्यांची झीज वाचली. पण लांबच्या वाहतुकीची. नांदगाव रोड स्टेशनातून ते ट्रक न थांबता जायचे. २०२५च्या गणपतीत खासगी मोटारींची रो-रो निघाली, तेव्हा कुठे नांदगावला चढ-उताराची सोय झाली.

नियम खरा हलला तो धुरामुळे. बीएस-४ देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ला, बीएस-६ तीनच वर्षांनी, १ एप्रिल २०२०ला. धूर कमी होणं गरजेचंच होतं. तिठ्यावर आयुष्य काढलेल्या माणसाच्या फुप्फुसाला विचारा. पण त्याबरोबर गाडी आतून बदलली. जुन्या नोझलमधून डिझेल साधारण दोनशे बार दाबाने सुटायचं, आता कॉमन रेलमध्ये दाब दीड हजार बारच्या वर. चालू इंजिनात तो पाइप सैल केला तर धार कातडीतून आत शिरते. एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, त्याला कमी राख करणारं वेगळं ऑइल. जुनं सवयीचं ऑइल ओतलं तर फिल्टर राखेने लवकर तुंबणार. शिवाय ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. त्याची बादली ड्रायव्हर जवळ ठेवतातच, कारण ते संपलं तर इंजिन स्वतःचा जोर कमी करून घेतं.

मामांनी २०२१मध्ये नवी गाडी घेतली. दोन वर्षांनी, मे महिन्यात, आंब्याच्या पेट्या भरून निघाले आणि तिठ्यापाशीच डॅशबोर्डवर दिवा लागला. युरियाची टाकी भरलेली. गाडी चालत होती, पण चढाला दम नव्हता. वर्कशॉपचा माणूस स्कॅनर घेऊन आला दुसऱ्या दिवशी दुपारी. बिघाड एका सेन्सरचा. बदलायला पाऊण तास लागला; वाट पाहण्यात बावीस तास गेले. पेट्या दुसऱ्या गाडीत भरून पाठवल्या, त्यातल्या काही वाशीला पोचेपर्यंत उतरल्या होत्या. मामांना राग पैशांचा नव्हता. "काय मोडला ताच दिसना नाय," एवढंच ते म्हणत राहिले. त्यांच्या नियमात मोडलेली वस्तू निदान दिसायची.

आता त्यांच्याकडे काय उरलं? वाटतं त्यापेक्षा बरंच. हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडणं. आपल्या दमट हवेत ते चुकवलं तर ब्रेकच्या व्हॉल्व्हची वाट लागते. डिझेल फिल्टरखालचं पाणी काढणं. चाकाचे नट, टायर, ग्रीस. मासळी वाहिली असेल तर बर्फाचं खारं पाणी चॅसिसवरून गोड्या पाण्याने धुणं. यातलं काहीही स्कॅनर करत नाही, आणि वर्कशॉपवाला ते रोज येऊन करणार नाही.

आंबा संपला, पाऊस लागला, की कोकणात पूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून झापाखाली ठेवत आणि डागडुजी काढत. मामांच्या गाडीचंही काम जूनमध्येच निघतं. मागच्या जूनमध्ये मी गेलो तेव्हा गाडी फणसाखाली उभी होती, मामेभाऊ मोबाइलला जोडलेला एक छोटा स्कॅनर घेऊन कोड वाचत होता. मामांनी सवयीने बॉनेटमध्ये पाना घातला.

"बाबांनू, त्या पायपाक हात लावू नकात," तो वर न बघता म्हणाला.

मामांनी पाना पुसून पेटीत ठेवला, ग्रीसगन घेतली आणि गाडीखाली शिरले. शिरण्याआधी चाकामागे लाकडाचा ठोकळा लावला.