वजीर द्यावा तो शह देऊन

नाशिकहून गंगापूरच्या रस्त्याला लागलं की गोदाकाठी आनंदवल्ली लागते. आज ती शहरात मिसळून गेली आहे. राघोबादादांनी इथे वाडा बांधला होता. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १७९३ मध्ये, त्यांची पत्नी आनंदीबाई आणि मुलांना कोपरगावहून इथे आणून ठेवण्यात आलं. नाव मुक्कामाचं, प्रत्यक्षात नाना फडणविसांची नजरकैद. मार्च १७९४ मध्ये आनंदीबाई इथेच वारल्या. त्यांचा सख्खा थोरला मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. दोनच वर्षांनी तो पेशवा झाला. हा दुसरा बाजीराव.

या बाजीरावाबद्दल मराठी माणूस सहसा बरं बोलत नाही, आणि त्याला कारणंही आहेत. पण बुद्धिबळाच्या इतिहासात त्याचं नाव एका चांगल्या कामाशी जोडलेलं आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री नावाच्या दाक्षिणात्य पंडिताने बाजीरावाच्या आश्रयाने ‘विलासमणिमंजरी’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचं इंग्रजी रूप १८१४ साली मुंबईत छापलं गेलं. सोंगट्या अशा अशा मांडल्या आहेत, अमक्या खेळ्यांत मात करा, अशी कोडी त्यात एकामागून एक येतात. पुस्तकाच्या इंग्रजी नावातच एक कबुली आहे : हे सारं युरोपीय खेळाच्या रीतीला जुळवून घेतलेलं आहे.

जुळवून का घ्यावं लागलं? कारण आपल्याकडचा देशी डाव वेगळा होता. देशी खेळात प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला, शह बसला नसेल तर, डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळायची. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं मनाला येईल ते होत नसे. ज्या उभ्या रांगेत पोचलं, त्या रांगेची सोंगटी व्हायचं. आणि मात कशाने झाली यालाही मोल होतं. वजिराने किंवा हत्तीने कोणीही मात करील, खरा दर्दी प्यादेमात करून दाखवायचा. अशा खेळात डाव सावकाश पिकत जातो.

खेळाची परंपरा अर्थात पेशव्यांच्या खूप आधीची. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकात, चतुरंगाचं वर्णन आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात धर्म आणि नीतीवर बारा ‘मयूख’ लिहिले. त्यातल्या ‘नीतिमयूखा’त राजनीतीबरोबर बुद्धिबळालाही जागा मिळाली आहे.

युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस राजाशेजारच्या सोंगटीला भलतंच बळ मिळालं. एकेक तिरपं घर सरकणारा सल्लागार पटभर धावू लागला; तिकडे त्याची राणी आधीच झाली होती. बळ आपल्याकडेही आलं, पण सोंगटी पुरुषच राहिली, वजीर. जगभरचे खेळाडू ज्याला ‘राणीचा बळी’ म्हणून डोक्यावर घेतात, त्याला मराठीत सरळ ‘वजीर दिला’ म्हणतात. राजा एकेक घर सरकणारा आणि सारी सत्ता वजिराच्या हाती, ही मांडणी अठराव्या शतकातल्या मराठी माणसाला समजावून सांगावी लागली नसती. राजा साताऱ्याला होता, वजीर शनिवारवाड्यात.

पुढे या वजिरालाही एक वजीर मिळाला. त्र्यंबकजी डेंगळे हा बाजीरावाचा सगळ्यात जवळचा माणूस. जुलै १८१५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर आले होते. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने ठपका त्र्यंबकजीवर ठेवला आणि तो ताब्यात द्या म्हणून लकडा लावला. बाजीरावाने आढेवेढे घेतले आणि सप्टेंबरात त्याला देऊन टाकलं. इंग्रजांनी त्याला ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. वर्षभराने तो तिथून निसटला. मग १८१७ च्या उन्हाळ्यात त्याच्यावरून पुन्हा दबाव आला. सिंहगड, पुरंदर आणि रायगड तारण म्हणून द्यावे लागले, आणि जूनमध्ये पुण्याचा तह पदरी घ्यावा लागला.

पटाशी बसणारा कोणीही सांगेल की इथे वजीर गेला, पण शह कुठेच दिला गेला नाही. बळी आणि नुकसान यांतला फरक तेवढाच असतो. दिलेल्या सोंगटीने समोरच्याची पुढची खेळी बांधली गेली पाहिजे. बाजीरावाने आपली सगळ्यात कामाची सोंगटी दिली, किल्ले दिले, आणि लढाईला उभा राहिला तो त्यानंतर, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला. क्रमच उलटा झाला.

पुढचे सात महिने म्हणजे पटभर पळणं. पुरंदर, सातारा, पंढरपूर, जुन्नरचा डोंगराळ मुलूख, तिथून पुन्हा दक्षिण. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची लढाई. २० फेब्रुवारीला अष्टीला बाजीरावाचे सेनापती बापू गोखले पडले, आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. बुद्धिबळाच्या नियमाने इथे डाव संपायला हवा होता, कारण राजा सापडला होता. पण खरी सत्ता वजिराकडे असल्याने डाव आणखी साडेतीन महिने चालला. ३ जूनला असीरगडाजवळ बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला सालीना आठ लाखांचं निवृत्तिवेतन मिळालं आणि राहायला कानपूरजवळचं ब्रह्मावर्त.

त्र्यंबकजी मात्र नाशिकच्या बाजूला लपला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या आहेरगावात कॅप्टन स्वान्स्टनने त्याला पकडलं. त्याला काशीजवळच्या चुनारगडावर ठेवण्यात आलं. १८२४ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर यांनी त्याला तिथे पाहिलं. इंग्रजी पटावर ‘बिशप’ म्हणजे आपला उंट. पटावर नाही, पण कैदखान्यात का होईना, उंट वजिराला भेटला म्हणायचा.

आता वजीर देण्याची दुसरी रीत. तारीख २९ ऑक्टोबर १९१२, जागा लंडनचा एक बुद्धिबळ क्लब. एडवर्ड लास्कर हा जर्मन इंजिनीअर नुकताच इंग्लंडात आलेला, इंग्रजी त्याला जेमतेम येत होतं. समोर बसले होते जॉर्ज थॉमस. सरदारकी त्यांच्याकडे अजून यायची होती, पण खेळाडू म्हणून दबदबा होता. सामना साधा, क्लबात बसल्या बसल्या खेळलेला. लास्करकडे पांढऱ्या सोंगट्या.

थॉमस यांनी डच बचाव घेतला. दहा खेळ्या झाल्या तेव्हा लास्करचे दोन घोडे पटाच्या मध्यावर, ई-४ आणि ई-५ वर, ठाण मांडून होते. मागे डी-३ वर उंट, पुढे एच-५ वर वजीर. काळ्या राजाने किल्लेकोट केला होता आणि तो जी-८ वर होता. एच-७ च्या प्याद्याला त्याच्याशिवाय कोणाचा आधार नव्हता. थॉमस यांनी आपला वजीर ई-७ वर आणला. ही खेळी दिसते तेवढी भाबडी नव्हती. पांढऱ्या घोड्याने एफ-६ चा उंट मारून शह दिला, तर जी-७ चं प्यादं तो घोडा घेणार, सातवी आडवी रांग मोकळी होणार आणि काळा वजीर ई-७ वरूनच एच-७ राखणार. हिशेब बरोबर होता. फक्त त्यात एक गृहीत होतं की घोडा आधी मारेल आणि वजीर नंतर येईल.

लास्करने क्रम बदलला. त्याने वजीर आधी दिला.

वजिराने एच-७ चं प्यादं मारलं, शह. काळ्या राजाला तो घ्यावाच लागला. मग घोड्याने एफ-६ चा उंट मारला आणि एका खेळीत दोन शह बसले : एक घोड्याचा, दुसरा त्याच्या मागे दबा धरून बसलेल्या डी-३ च्या उंटाचा. दुहेरी शहाला काटशह नसतो, मधे सोंगटी घालता येत नाही. राजालाच हलावं लागतं. एच-८ च्या कोपऱ्यात गेला असता तर दुसऱ्या घोड्याने जी-६ वर येऊन तिथेच मात केली असती. म्हणून राजा एच-६ वर आला.

इथून पुढे जे झालं त्याला पळ म्हणता येत नाही. पळणारा आपल्या पायांनी पळतो. या राजाला हाकत नेलं. दुसरा घोडा जी-४ वर, राजा जी-५. एच-२ चं प्यादं दोन घरं पुढे, राजा एफ-४. जी-२ चं प्यादं जी-३ वर, राजा एफ-३. उंट मागे येऊन ई-२ वर, राजा जी-२. हत्ती एच-२ वर, राजा जी-१. काळा राजा आता पांढऱ्याच्या पहिल्या रांगेत, शत्रूच्या माजघरात उभा होता. तेव्हा लास्करचा राजा ई-१ वरून डी-२ वर, एक घर बाजूला झाला. मागच्या हत्तीची वाट मोकळी झाली आणि मात झाली. वजीर दिल्यापासून आठ खेळ्या, आठही शह. पूर्ण डाव अठरा खेळ्यांचा.

याहून लवकर मात होती, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. शेवटच्या खेळीला किल्लेकोट करूनही मात झाली असती, आणि किल्लेकोटाने मात करण्याची संधी लास्करने सोडली म्हणून हळहळणारेही आहेत. पण राजाने राजाला मारायला फक्त बाजूला व्हावं, यात एक वेगळाच तोरा आहे. लास्करची निवडच सरस वाटते.

त्रिवेंगडाचार्यांच्या काळातल्या पुणेकराला हा डाव दाखवला असता तर त्याने आधी नियमांवर बोट ठेवलं असतं. एच-२ च्या प्याद्याची दोन घरांची झेप देशी खेळात चालली नसती. काळ्याचा किल्लेकोट तर मुळातच झाला नसता. म्हणजे आपल्या रीतीने हा डाव घडणंच अशक्य. आणि इतकं करून मात कशाने, तर हत्तीने! ही शिकार नव्या, वेगवान नियमांनीच शक्य केली. प्यादेमातीची नजाकत मात्र त्याच नियमांच्या वेगात मागे पडली.

जॉर्ज थॉमस यांची या मातीशी एक गाठ आहे. ते बॅडमिंटनचे बडे खेळाडू होते, ऑल इंग्लंड स्पर्धेत त्यांनी एकूण २१ विजेतेपदं मिळवली. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांनी ज्या खेळाचे नियम बांधले आणि ज्याला काही काळ ‘पूना’ म्हणत, तोच हा खेळ. जागतिक बॅडमिंटन संघटना उभी राहिली तेव्हा थॉमस तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुरुषांच्या सांघिक विश्वविजेतेपदाचा चषक त्यांच्याच नावाचा. १५ मे २०२२ रोजी भारताने बँकॉकमध्ये इंडोनेशियाला ३-० हरवून तो थॉमस चषक पहिल्यांदा जिंकला. त्या संघात मुंबईचा चिराग शेट्टी होता.

आणि बुद्धिबळ पुन्हा नाशिकला आलं. विदित गुजराथी २४ ऑक्टोबर १९९४ रोजी नाशकात जन्मला. २००८ मध्ये व्हिएतनामला चौदा वर्षांखालचा विश्वविजेता, २०१३ मध्ये ग्रँडमास्टर. एप्रिल २०२४ मध्ये टोरंटोला कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या आठ जणांत, तो होता. दुसऱ्या फेरीत समोर अमेरिकेचा हिकारू नाकामुरा. विदितने सुरुवातीलाच आपला उंट एच-३ च्या प्याद्यावर झोकला, पांढऱ्या राजाची तटबंदी फोडली आणि काळ्या सोंगट्यांनी २९ खेळ्यांत डाव जिंकला. नाकामुराची ४७ डावांची अपराजित मालिका तिथे संपली. नवव्या फेरीत विदितने त्याला पुन्हा हरवलं. स्पर्धेत तो १४ पैकी ६ गुण घेऊन सहावा आला. वजीर नव्हे, उंटच दिला होता हे खरं. पण दिलेल्या सोंगटीमागे पुढच्या खेळ्या बांधलेल्या होत्या.

घरात पट असेल तर लास्कर आणि थॉमस यांचा डाव एकदा मांडून पाहा. मात झाल्यावर सोंगट्या लगेच उचलू नका. काळ्याच्या बाजूला वजीर आहे, दोन्ही हत्ती आहेत. त्यातला ए-८ चा हत्ती आणि बी-८ चा घोडा मांडल्या जागेवरून हललेलेसुद्धा नाहीत.