उलटे कोरले, सुलटे उमटले

खेडच्या एखाद्या जुन्या घरात, देवघराच्या भिंतीवर, समईच्या काजळीने कडा काळवंडलेल्या चौकटीत रामपंचायतनाचे रंगीत चित्र दिसले, म्हणजे त्यापुढे हात जोडणाऱ्याच्या मनात ते कोणी आणि कशावर काढले असेल, हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. परंतु मुंबई बंदरातून निघून, दाभोळच्या खाडीने आत शिरून, भरतीच्या पाण्याबरोबर जगबुडी नदीतून या तालुक्याच्या ठाण्यापर्यंत वर चढणाऱ्या पडावांतून चाकरमान्यांनी असे जे कागद आणले, त्यांच्यामागे महाराष्ट्रातील मुद्राचित्रणाचा दीर्घ इतिहास उभा आहे. आणि तो जितका आश्रयदात्यांचा, तितकाच, किंबहुना अधिक, कारागिरांचा आहे.

छापण्याचे यंत्र गोव्यात १५५६ सालीच उतरले होते; तथापि १६१६ साली छापलेले फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ भाषेने मराठी असूनही रोमन लिपीत निघाले, आणि देवनागरी अक्षराला स्वतःच्या मुलखात छापाचे रूप येण्यास आणखी जवळजवळ दोन शतके लोटावी लागली. पेशवाईच्या उत्तरकाळी नाना फडणीसांनी भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरविण्याचे मनावर घेतले, तेव्हा ते काम एका तांबटाकडे आले. घागरीवर नक्षी उठविणाऱ्या हाताला आता प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी उलटी कोरायची होती. १८०० साली नाना निवर्तले; परंतु हुन्नर निराश्रित झाला नाही. मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्या कारागिरास आश्रय दिला आणि १८०५ साली ती गीता छापून निघाली.

ताम्रपट कोरणे कष्टाचे आणि खर्चाचे. म्हणून लोकांच्या घरापर्यंत छाप पोहोचविण्याचे कार्य तांब्याने नव्हे, शिळेने केले. बव्हेरियातील झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधिलेली ही विद्या स्निग्धता आणि पाणी यांच्या स्वाभाविक वैरावर उभी आहे: गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने आकृती काढावी, शिळा भिजवावी, आणि मग शाईचा रूळ फिरवावा, म्हणजे ओली जागा शाई नाकारते आणि आकृती तेवढी शाई धरते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात हे काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी मुंबईत स्वतःचा शिळाप्रेस उभारला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. छापाच्या शाईत चरबी असते, या समजुतीने सोवळी मंडळी छापील कागदास शिवेनात, तेव्हा गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातले, असे सांगतात. ज्या विद्येत स्निग्ध पदार्थ वगळताच येत नाही, तिला त्यांनी अशा रीतीने आपल्या समाजाच्या आचारात बसविले. यंत्र विकत आणण्याहून ही बुद्धी फार मोठी होय.

अक्षरामागोमाग चित्र आले. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यास चित्रशाळा स्थापिली, व तेथून देवदेवतांबरोबर मराठी इतिहासातील पुरुषांची चित्रेही घरोघर जाऊ लागली. त्यांत, ज्यांनी तांब्यावर गीता उतरविण्यास घेतली होती, ते नानाही होते. १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना गिरगावात निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. रंगीत छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा लागे. एकाच कागदावर या साऱ्या शिळांचे ठसे केसभरही न सरकता बसावे लागत, अन्यथा सीतेच्या ओठांचा रंग गालावर ओघळे. राजवाड्यातील तैलचित्र एका दिवाणखान्याचे भूषण असे. त्याचीच प्रतिकृती शेतकऱ्याच्या, खलाशाच्या, गिरणीकामगाराच्या ओटीवर दैवत म्हणून विराजमान झाली. दर्शनाला ज्यांना देवळाच्या बाहेरूनच परतावे लागे, त्यांच्याही भिंतीवर देव आला, ही सामान्य घटना नव्हे.

म्हणून खेडच्या त्या भिंतीवरील चित्राकडे पाहताना माझे लक्ष रामाच्या आशीर्वाद देणाऱ्या उजव्या हाताकडे विशेष जाते. शिळेवर तो डावा होता. तो हात रेखणाऱ्याने दिवसभर उलट्या प्रभू रामचंद्राकडे पाहत काम केले, आणि सुलटे दर्शन मात्र आपणासाठी राखून ठेवले. चित्राखाली छापखान्याचे नाव असते, त्याचे नसते. चौकटीपुढे जोडलेल्या हातांतील थोडी कृतज्ञता त्याच्याही वाट्याला जावी.