वरून दिसणारा दुष्काळ: थुंब्यापासून आपल्या तालुक्याच्या यादीपर्यंत

हा आपल्या नव्या भागाचा लिखित अवतार. ज्यांना ऐकायला सवड नसते किंवा गावाकडे ज्यांचं नेट मध्येच दगा देतं, त्यांच्यासाठी. जसं बोललो तसंच जवळपास ठेवलंय, फक्त पाल्हाळ कापलाय.

आजचा विषय अंतराळ. जालन्याच्या माणसाने अंतराळावर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: आपला काय संबंध? इथे बी-बियाणं, सळई, मोसंबी यांच्या गप्पा चालतात. रॉकेट उडतं ते तिकडे श्रीहरिकोट्याला. म्हणून आधी दोन तारखा सांगतो.

पहिली सगळ्यांना पाठ आहे. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं. चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, आपण पेढे वाटले. पण त्याच महिन्यात देशात पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पडला. १९०१ पासूनच्या नोंदींमधला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सोयाबीन ऐन फुलोऱ्यात आणि आभाळ कोरडं.

दुसरी तारीख ३१ ऑक्टोबर २०२३. राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आपल्या जिल्ह्यातल्या आठपैकी पाच तालुके त्यात होते: भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा. जाफराबाद, परतूर आणि घनसावंगी त्या यादीत नव्हते.

ही यादी ठरवताना जी मापं वापरली, त्यातली काही उपग्रहाने घेतलेली होती. म्हणजे चंद्रावर पोचलेला देश त्याच वर्षी आकाशातून आपल्या शिवारातली पानं तपासत होता. हे दोन्ही एकाच इतिहासातून आलंय, आणि तो इतिहास समजला तर पुढच्या वेळी यादी लागल्यावर नेमका कोणता प्रश्न विचारायचा हे आपल्याला कळेल.

सुरुवात: एक चर्च आणि एक कोल्हापूरकर

४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन पृथ्वीला फेरी मारून आला. दोन महासत्तांची शर्यत चालली होती आणि तिच्यात पैसा पाण्यासारखा वाहत होता. आपल्याकडे तेव्हा धान्य आयात होत होतं.

अशा काळात, १९६२ मध्ये, विक्रम साराभाईंच्या नेतृत्वाखाली अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती बनली. रॉकेट सोडायला जागा हवी होती, तीही चुंबकीय विषुववृत्ताजवळ, कारण तिथल्या वरच्या वातावरणातले विद्युतप्रवाह अभ्यासायचे होते. केरळात जाऊन जागा शोधणाऱ्यांत पुढे होते डॉ. एकनाथ चिटणीस. जन्म कोल्हापूरचा, १९२५ चा. जागा मिळाली थुंबा नावाच्या मासेमारांच्या गावात. तिथल्या चर्चची इमारत शास्त्रज्ञांचं कार्यालय झाली. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकेचं, त्यातलं सोडियमच्या वाफेचं उपकरण फ्रान्सचं, मदतीला हेलिकॉप्टर सोव्हिएत. आपली होती ती जागा आणि माणसं. त्या तरुण तुकडीत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळेही होते, जे पुढे थुंब्याच्याच विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले.

गरीब देशाला हे थेर कशाला, असा सवाल तेव्हाही होता. साराभाईंचं म्हणणं साधारण असं होतं की चंद्रावर माणूस पाठवण्यात श्रीमंत देशांशी बरोबरी करायचं स्वप्न आपल्याला नाही, पण समाजाच्या खऱ्या अडचणींवर प्रगत तंत्र वापरण्यात आपण कुणाच्या मागे राहता कामा नये. सगळं जग वर बघत असताना आपला कार्यक्रम पहिल्यापासून वर जाऊन खाली बघायचं ठरवून निघाला होता.

१९७२

खाली बघायचा आपला पहिला प्रयोग झाला नारळावर. १९७० च्या सुमारास केरळात नारळाच्या मुळांना रोग लागला होता. प्रा. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांचे फोटो काढले. अवरक्त म्हणजे आपल्या डोळ्याला न दिसणारा, लाल रंगाच्या पलीकडचा प्रकाश. या फोटोंत रोगट झाडं वेगळ्या रंगाची दिसली. भारतातल्या दूरसंवेदनाची, म्हणजे लांबून जमीन ओळखायच्या शास्त्राची, सुरुवात इथून मानतात.

मग आलं १९७२. मराठवाड्यात हे साल उच्चारलं की म्हातारी माणसं अजून गप्प होतात. सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला, जो फक्त पृथ्वीची जमीन बघण्यासाठी होता. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चंद्रावरून शेवटचा माणूस परत आला. त्यानंतर आजवर तिथे कुणी उतरलेलं नाही. चंद्राची शर्यत संपली आणि जमीन बघायचं काम सुरू झालं, ते आपल्या दुष्काळाच्याच वर्षी.

पण तेव्हा आपल्याकडे दुष्काळ ठरायचा आणेवारीवर. नंतर तिला पैसेवारी म्हणायला लागले. गावातलं पीक नेहमीच्या मानाने किती आलं, याचा अंदाज तलाठी आणि गावची समिती करायची. ५० पैशांच्या आत आलं तर टंचाई. यात नजर होती, अनुभव होता, आणि वशिल्याला वावही होता. शिवाय अंतिम आकडा यायचा पीक निघाल्यावर. तोवर जनावरं बाजारात गेलेली असायची.

मधली वीस वर्षं

साराभाई ३० डिसेंबर १९७१ ला गेले, पण काम थांबलं नाही. १९ एप्रिल १९७५ ला आर्यभट्ट गेला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर नासाचा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवला गेला: शेती, आरोग्य, शाळा. त्या प्रयोगाची धुरा पुन्हा चिटणीसांकडेच होती. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. चिटणीस ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण करून गेले. किती जणांना त्यांचं नाव माहीत होतं, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

१९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले. त्यांचं इंदिरा गांधींशी झालेलं बोलणं सगळ्यांना आठवतं. पण त्यांच्या कामाचा एक मोठा भाग भारताच्या भूभागाचे फोटो काढणं हा होता. म्हणजे आपला पहिला अंतराळवीरही वर जाऊन खालीच बघत होता.

मग १९८८. १७ मार्चला आयआरएस-१ए हा आपला पहिला पूर्ण कार्यरत दूरसंवेदन उपग्रह बैकानूरहून सोव्हिएत रॉकेटवर गेला. त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झालं. आणि त्याच वर्षी डॉ. वसंत गोवारीकरांचं १६ घटकांवर आधारलेलं मान्सूनचं मॉडेल हवामान खात्याने वापरात आणलं. हे गोवारीकर पुण्याचे, थुंब्याला घन इंधन बनवण्यात आयुष्यातली उमेदीची वर्षं घातलेले. रॉकेटचा माणूस शेवटी पावसाकडेच वळला.

आणखी एक धागा. रॉकेटच्या मोटरची पोलादी आवरणं १९७० च्या दशकापासून वालचंदनगरच्या कारखान्यात बनतात. चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटच्या एस-२०० बूस्टरचे भागही तिथलेच. वालचंदनगर येतं इंदापूर तालुक्यात. २०२३ च्या त्या ४० तालुक्यांच्या यादीत इंदापूरही आहे.

उपग्रहाला पान कसं दिसतं?

आता थोडं इंजिनिअरिंग. घाबरू नका, चौथीच्या वजाबाकीपेक्षा अवघड नाही.

निरोगी हिरवं पान लाल प्रकाश खातं, कारण अन्न बनवायला त्याला तो लागतो. जवळचा अवरक्त प्रकाश मात्र ते परत फेकतं. पान सुकायला लागलं की उलटं होतं: लाल जास्त परत येतो, अवरक्त कमी. उपग्रह दोन्ही मोजतो. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. समजा तजेलदार कपाशीवरून अवरक्त ५० आणि लाल १० आला. ४० भागिले ६०, म्हणजे ०.६७. कोमेजलेल्या कपाशीवरून ३० आणि २० आला. १० भागिले ५०, म्हणजे ०.२. या आकड्याला एनडीव्हीआय म्हणतात. असाच दुसरा आकडा पानातल्या पाण्याचा असतो. मग याच काळात मागच्या वर्षांत दिसलेली सगळ्यात चांगली स्थिती १०० आणि सगळ्यात वाईट ० धरून यंदाचं पीक कुठे बसतं ते काढतात.

केंद्राची दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६ ची. महाराष्ट्राने ती ऑक्टोबर २०१७ मध्ये लागू केली आणि पैसेवारीची मक्तेदारी संपली. आता पायऱ्या अशा आहेत. आधी पाऊस: तूट किती, खंड किती आठवड्यांचा. त्यात तालुका सापडला तर पुढे पेरणीचं क्षेत्र, उपग्रहाने मोजलेली पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, धरणं आणि भूजल. त्यातही सापडला तर दहा टक्के गावं निवडून प्रत्यक्ष शिवारात जाऊन पाहणी. यातून पार पडला तो तालुका यादीत.

यादीत असणं म्हणजे काय? जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, मुलांची परीक्षा फी माफ, टँकर, रोजगार हमीचे निकष सैल. एखाद्या घरासाठी हा मुलगी बारावीनंतर शिकणार की नाही इतका मोठा फरक असू शकतो.

उपग्रहाला काय दिसत नाही?

इथे मी माझ्या धंद्यातला एक नियम सांगतो: कुठलाही आकडा वापरण्याआधी तो कशाने मोजलाय ते विचारा.

इस्रोच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका ५६ मीटर बाय ५६ मीटरचा असतो, म्हणजे साधारण ३१ गुंठे. त्यात तुमचं शेत मावतं. नासाच्या ज्या उपग्रहांची माहिती दुष्काळासाठी वापरली जाते, त्यांचा बारीकात बारीक ठिपका २५० मीटरचा, म्हणजे पंधरा एकरांहून थोडा मोठा. आपल्याकडच्या पंधरा एकरांत चार खातेदार, तीन पिकं, एक विहीर आणि बांधावरची बाभळ असते. उपग्रहाला या सगळ्यांचा मिळून एकच हिरवा दिसतो.

दुसरं, हिरवं म्हणजे पिकलेलं नाही. ऑगस्टचा खंड पडला आणि सप्टेंबरात पाऊस आला, की सोयाबीन हिरवं होतं पण शेंगा भरत नाहीत. गवतही हिरवंच असतं. मोसंबीची बाग मुळं खोल असल्याने बराच काळ हिरवी राहते, आणि फळ गळून गेलेलं वरून दिसत नाही. तिसरं, खरिपात ढग. साध्या कॅमेऱ्याला ढगापलीकडे दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच पीक बघायचं असतं.

यावर उत्तर रडारचं, जे ढगातून आरपार बघतं. ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. दर १२ दिवसांनी तो त्याच जागेवर परत येतो, आणि जमिनीतला ओलावा मोजणं हे त्याच्या कामांपैकी एक. २०२० नंतर खासगी कंपन्यांनाही अंतराळाचं दार उघडलंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिलं खासगी भारतीय रॉकेट उडालं. उद्या आपल्या गल्लीतली पोरंही उपग्रहाचा डेटा विकतील, यात मला शंका नाही.

पण ठिपका कितीही बारीक झाला तरी संहितेतली शेवटची पायरी माणसाचीच आहे, आणि ती माणसाचीच राहावी असं मला वाटतं. ती दहा टक्के गावं कोणती, पाहणी कधी झाली, कुठल्या गटात झाली, पंचनाम्यावर काय लिहिलं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. २०२३ मध्ये त्या ४० तालुक्यांनंतर सरकारने राज्यातल्या हजाराहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली. तालुका हे माप मोठं पडतं, हे त्यातूनच दिसलं. एका मंडळात पाऊस झाला की शेजारच्या मंडळाचं नशीब सरासरीत बुडतं.

पैसेवारीच्या काळात भांडण तलाठ्याशी करता यायचं, तो समोर असायचा. उपग्रहाशी कोण भांडणार? म्हणून हा इतिहास माहीत पाहिजे. साठ वर्षांपूर्वी काही माणसांनी ठरवलं की गरीब देशाने अंतराळात जायचं ते आपल्या लोकांच्या अडचणी बघायला. तो उपग्रह कुणाचा उपकार नाही, तो आपल्यासाठीच सोडलेला आहे. त्यामुळे त्याने काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही, हे ग्रामसभेत विचारणं हाही त्याच कार्यक्रमाचा भाग समजा.

तुमच्या मंडळात २०२३ ला काय झालं होतं, ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर राम राम.