बास गिटार अ‍ॅम्प्लिफायर
बास गिटार अ‍ॅम्प्लिफायर (ध्वनिवर्धक) हे बास गिटारमधून येणारा क्षीण विद्युत संकेत वाढवून तो स्पीकरद्वारे ऐकविणारे उपकरण आहे. त्याचा आवाज केवळ वॉटच्या आकड्यावर ठरत नाही. स्पीकरची कार्यक्षमता व संख्या, स्वरांचे संतुलन आणि मंचावरील मांडणी यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

इतिहास
अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ ही विद्युत बास गिटार आणि १९५२ मध्ये तिच्यासाठी ‘बासमन’ हा अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आणला. मोठ्या मंचांची गरज लक्षात घेऊन अ‍ॅम्पेग कंपनीने १९६९ मध्ये ३०० वॉटचा ‘एसव्हीटी’ सादर केला.

शक्ती आणि आवाज
चार तारांच्या बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झ वारंवारतेला लावतात. मानवी कान मध्यम स्वरांच्या तुलनेत खर्जाला कमी संवेदनशील असतो. त्यामुळे बास गिटारला साध्या गिटारपेक्षा बरीच अधिक शक्ती लागते. शक्ती दुप्पट केल्यास ध्वनीची पातळी ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी मात्र सुमारे १० डेसिबलची, म्हणजेच दहापट शक्तीची गरज असते.

आवाज वाढविण्याचे मार्ग
• स्पीकर: एक वॉट शक्तीवर एक मीटर अंतरावर मिळणारी पातळी ही स्पीकरची संवेदनशीलता होय. ती ३ डेसिबलने अधिक असणे हे शक्ती दुप्पट करण्यासारखेच आहे.
• जादा कॅबिनेट: ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडल्यास एकूण संरोध ४ ओहम होतो. ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर अशा वेळी सहसा अधिक शक्ती देतात. मात्र उत्पादकाने सांगितलेल्या किमान संरोधाखाली जाऊ नये. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता चालवू नये.
• स्वरसंतुलन: खर्ज ६ डेसिबलने वाढविल्यास त्या स्वरांसाठी चौपट शक्ती खर्च होते. त्याऐवजी मध्यम स्वर थोडे वाढविल्यास वाद्यवृंदात बास अधिक स्पष्ट ऐकू येतो.
• कॉम्प्रेसर: क्षणिक उंच संकेत आटोक्यात ठेवल्याने सरासरी पातळी वाढविता येते.
• मांडणी: कॅबिनेट जमिनीवर, भिंतीलगत किंवा कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज वाढतो, परंतु तो घुमण्याचीही शक्यता असते.
• सभागृहाची ध्वनियंत्रणा: मोठ्या जागेत डीआय बॉक्समधून संकेत मुख्य मिक्सरला देणे श्रेयस्कर ठरते.

क्षमतेबाहेर चालविल्यास अ‍ॅम्प्लिफायरचा संकेत माथ्यावर कापला जातो, आवाज फाटतो आणि स्पीकर जळू शकतो. स्पीकरसाठी गिटारची केबल न वापरता स्पीकरचीच जाड केबल वापरावी.

मर्यादा व कायदा
४१ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ८ मीटर असते. असा खर्ज अडथळ्यांना वळसा घालतो आणि भिंतींमुळे फारसा अडत नाही. कोल्हापूरसह पश्चिम महाराष्ट्रात मिरवणुकीतील मोठ्या स्पीकर संचांना बोलीभाषेत ‘डॉल्बी’ म्हणतात. त्यांच्या दणक्याची तक्रार प्रामुख्याने याच खर्जाबद्दल असते. कोल्हापुरात गणेश विसर्जनाची मिरवणूक महाद्वार रोडसारख्या दाट वस्तीच्या रस्त्यावरून जाते. तेथे आवाज दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आदळून परत येतो. ध्वनिमापनातील ‘ए’ भारांकनात ४० हर्ट्झजवळचे स्वर सुमारे ३५ डेसिबलने कमी धरले जातात, म्हणून मापकावरील आकडा कमी असला तरी खर्ज त्रासदायक ठरू शकतो.

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागेत ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे. राज्य शासन सण-उत्सवांसाठी वर्षातून कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. ८५ डेसिबलपेक्षा अधिक आवाजात दीर्घकाळ राहिल्यास श्रवणशक्तीची कायमची हानी होऊ शकते. त्यामुळे नियमित वादन करणाऱ्यांनी कर्णरक्षक वापरणे हितावह असते.