जीएम अन्न : सुरक्षिततेचा वाद

एका सजीवाचे जनुक दुसऱ्या पिकात घालून तयार केलेल्या वाणाचे अन्न माणसांना, जनावरांना आणि शेताभोवतीच्या निसर्गाला कितपत निर्धोक, याविषयीचा वाद. महाराष्ट्रात तो वांग्यावरून पेटला. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधच्या धानपट्ट्यात मात्र तो भाताचा प्रश्न आहे.

जालन्याच्या महिको कंपनीने बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूचे क्राय१एसी जनुक वांग्यात घातले. त्यापासून बनणारे प्रथिन शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीच्या अल्कधर्मी आतड्यात मारक ठरते, माणसाच्या जठरात ते पचते, असे समर्थकांचे म्हणणे. विरोधकांचा रोख चाचण्यांवर होता : उंदरांवरील ९० दिवसांच्या प्रयोगातून दीर्घकालीन परिणाम कळत नाहीत, माहिती कंपनीचीच, शिवाय वाणात प्रतिजैविकांना दाद न देणारी खूणजनुके राहिलेली. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुक अभियांत्रिकी समितीने हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी लागवड स्थगित केली. बांगलादेशात हेच बीटी वांगे २०१४ पासून पिकते.

वांगे अडले, पण कापूस आधीच आत आला होता. बीटी कापसाला २००२ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच्या सरकीचे तेल माणसे खातात, ढेप जनावरे. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, त्यामुळे ग्राहकाला भीतीचे कारण थोडे. तरी आपण काय खातो हे त्याला सांगितलेच गेले नाही, ही खरी उणीव आहे. शेतकरीही एकमुखी नाहीत. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने विनापरवाना एचटीबीटी, म्हणजे तणनाशकालाही दाद न देणारा बीटी, कापूस जाहीरपणे पेरून तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य मागितले.

नवेगाव बांधचा जुना तलाव कोहळी समाजाच्या जलकौशल्यातून उभा राहिला, असे परंपरा सांगते. या पट्ट्यातल्या तलावांत देवधान, म्हणजे रानभात, उगवते. दाणा पिकताच गळतो, तरी लोक ते गोळा करून खातात. भात बहुतांशी स्वपरागित आहे आणि त्याचे पराग अल्पजीवी असतात, पण रानभाताशी त्याचा थोडाफार संकर होतो. म्हणून येथे सुरक्षिततेची कसोटी केवळ पोटाच्या तक्रारींवर लावणे अपुरे आहे; शेतातले नवे जनुक तलावातल्या देवधानात शिरले, तर ते परत काढता येणार नाही. भारतात जीएम भाताच्या व्यापारी लागवडीस परवानगी नाही.

मे २०२५ मध्ये केंद्राने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांतला पुसा डीएसटी राइस १ हा पूर्व विदर्भातही परिचित असलेल्या एमटीयू १०१० या वाणापासून घडवलेला आहे. त्यात भाताच्याच जनुकात बदल केला आहे, परके जनुक नाही, म्हणून केंद्राच्या २०२२ च्या सवलतीनुसार तो जीएमच्या कडक नियमांतून सुटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीला २०१६ च्या अहवालात बाजारातील जीएम अन्नाने आरोग्य बिघडल्याचा सबळ पुरावा आढळला नाही, पण प्रत्येक नव्या वाणाची पारख त्याच्या गुणधर्मांवरून व्हावी, असेही तिने सांगितले. १०१० च्या या नव्या रूपालाही तीच पारख लागू व्हायला हवी, आणि तिचे निष्कर्ष धान पेरणाऱ्यांपुढे मराठीत उघड मांडले गेले पाहिजेत.