'केऑटिक' म्हणजे नेमकं काय? अर्थ, उच्चार आणि वापर

बेळगाव : सीमाभागात सरकारी कचेरीत अर्ज द्यायचा तर बहुतेक वेळा कन्नड, नाहीतर इंग्रजी. मराठी शाळेत शिकलेला माणूस इंग्रजी निवडतो आणि शब्दांपाशी अडतो. अव्यवस्था सांगणारा 'केऑटिक' हा त्यातलाच एक शब्द.

अर्थ : 'केऑटिक' हे विशेषण आहे. जिथे क्रम, शिस्त, अंदाज काहीच उरलेलं नाही, असं. मराठीत 'सावळागोंधळ' किंवा 'बजबजपुरी' जवळचे. नाम 'केऑस', क्रियाविशेषण 'केऑटिकली'.

उच्चार : स्पेलिंग 'सीएच'ने सुरू होतं, म्हणून काही जण 'चाओटिक' म्हणतात. ते चूक. 'केमिस्ट्री'सारखा इथेही 'क'च.

मूळ : ग्रीक 'खाओस' म्हणजे आ वासलेली पोकळी. रोमन कवी ओव्हिडने तो शब्द सृष्टीपूर्वीच्या कालवाकालवीसाठी वापरला. तिथून पुढे आजचा अर्थ रुळला. 'गॅस' हा शब्दही १७ व्या शतकात व्हॅन हेल्माँट या शास्त्रज्ञाने यावरूनच घडवला.

फरक : पसारा पडलेलं टेबल 'मेसी'. योजना न करता केलेलं काम 'हॅपहॅझर्ड'. माणसं बेशिस्त वागली तर 'डिसऑर्डरली'. कायद्याच्या इंग्रजीत 'डिसऑर्डरली कंडक्ट' म्हणजे गैरवर्तन. 'केऑटिक' मात्र बहुधा परिस्थितीला लागतं.

इथेच जपून राहावं लागतं. समजा, रेशन दुकानात टोकन नाही, वेळ ठरलेली नाही आणि त्याची तक्रार करायची आहे. 'द क्राउड वॉज डिसऑर्डरली' लिहिलं तर दोष रांगेतल्या लोकांवर जातो, म्हणजे तक्रारदारावरच उलटतो. 'द डिस्ट्रिब्युशन वॉज केऑटिक' लिहिलं की बोट व्यवस्थेकडे जातं. पुढे टोकन नसल्याचं, वेळ न पाळल्याचं तारखेसह लिहावं. नुसत्या विशेषणाने काम होत नाही.

गणितात अर्थ आणखी वेगळा. तिथे 'केऑटिक' गोष्टीला नियम असतात, पण सुरुवातीचा बारीकसा फरक पुढे सगळं बदलून टाकतो. हवामानतज्ज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये हे मांडलं.

आपल्या 'गोंधळ' शब्दाचंही तसंच. देवीच्या गोंधळात चौक मांडणं, देवतांना आवाहन, संबळ-तुणतुण्याची साथ, सगळं रीतीने चालतं. त्या गोंधळाला 'केऑटिक' म्हटलं, तर भाषांतर चुकलंच समजा.