डूलॅली: देवळालीहून इंग्रजीत गेलेला शब्द

आजचा इंग्रजी शब्द आहे ‘डूलॅली’. इथे ब्रिटनमध्ये कुणी भ्रमिष्टासारखं वागू लागलं, की हसत हसत हा शब्द वापरतात. तो आला आहे आपल्या नाशिकजवळच्या देवळालीहून.

१९व्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे ब्रिटिश लष्कराची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे थांबत. सैन्य नेणारी जहाजं मात्र ठरावीक मोसमातच सुटत. मोसम हुकला, की कित्येक महिने मुक्काम! हाताला काम नाही, वर ऊन, आजारपण आणि दारू. काहींचं मन ढासळे. त्याला शिपाई ‘डूलॅली टॅप’ म्हणत. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’च. फ्रँक रिचर्ड्स या शिपायाच्या १९३६ सालच्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत त्याचा उल्लेख आहे. पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि ‘डूलॅली’ उरला.

थट्टेचा वाटणारा हा शब्द खरं तर घराच्या ओढीने खचलेल्या माणसांचा आहे. घरी जाणं लांबलं, की जीव कसा कासावीस होतो, हे परदेशी राहणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको. पुन्हा कुठे हा शब्द ऐकलात, तर देवळालीची ही गोष्ट जरूर सांगा.